अडतिसावा आठवडा

२ मे, मंगळवार

रिसॉर्टवाल्यांचं बिल आलं. देखभाल शुल्क पुन्हा वाढवलंय. कशाची देखभाल करतात कोण जाणे. आम्ही शेवटचे गेलो तेव्हा खिडकीची कडी बसत नव्हती, आणि आजही बसत नसणार यावर मी पैज लावायला तयार आहे.

हे टाइमशेअर म्हणजे तळ्याकाठच्या एका खोलीचा वर्षातला एक आठवडा, पंचवीस वर्षं. आमच्या वाट्याला अडतिसावा आला, म्हणजे सप्टेंबरचा मधला. बारा वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या हॉलमध्ये घेतला. मी तीस वर्षं जुनं फर्निचर घेतो आणि विकतो. खुर्ची उलटी करून पाहिल्याशिवाय घेत नाही. त्याच मी न बघितलेल्या खोलीचा आठवडा चार लाखांना घेतला, कारण समोरची मुलगी गोड बोलत होती आणि बिस्किटं चांगली होती. अक्कल गहाण टाकायला माणसाला काही जास्त लागत नाही.

बारा वर्षांत आम्ही दोघं दोनदा गेलो. बाकीची वर्षं आठवडा फुकट जाऊ दिला असं मात्र नाही. दोनदा बँकेच्या साहेबांना दिला, दोनदा घरमालकाला, तीनदा लिलाववाल्याला, तीनदा शेजारच्या चष्मेवाल्याला. धंद्यात माणसं सांभाळावी लागतात.

आज जेवताना मी जाहीर केलं, विकून टाकतो. ही म्हणाली, "विकायचंच का? यंदा आपण जाऊ या ना."

"दुकान कोण बघणार?"

"आठ दिवस बंद राहिलं तर काय होईल?"

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं! मी आमटी वाढून घेतली. ती उठून शिलाईच्या खोलीत गेली. मशीन बराच वेळ चालू होतं. लोकांचे पडदे शिवते, हातखर्चाचे चार पैसे सुटतात, तिचा वेळ जातो.

५ मे, शुक्रवार

आज बसून किंमत काढली. चार लाखांना घेतला. बारा वर्षांत जमिनीचे भाव कुठे गेले, लाकडाचे कुठे गेले, माझ्या दुकानाचं भाडं कुठे गेलं! तेरा वर्षं अजून शिल्लक आहेत. त्यातून समोर तळं. साडेपाच लाखांना काही हरकत नाही. घासाघीस होणार म्हणून सहा सांगायचे.

दुपारी एक बाई जुनं ड्रेसिंग टेबल विकायला आली. "आम्ही एवढ्याला घेतलं होतं हो, तेव्हाचे एवढे म्हणजे आजचे किती!" मी म्हटलं, बाई, तुम्ही कितीला घेतलं याच्याशी बाजाराला काही देणंघेणं नाही. तोंड एवढंसं करून गेली. लोकांना साधा व्यवहार कळत नाही.

१६ मे, मंगळवार

एक टायवाला दुकानात आला. टाइमशेअरची फेरविक्री करून देणारी कंपनी म्हणे. त्याच्याकडच्या आठवडेवाल्यांच्या यादीत माझं नाव होतं. माणूस हुशार वाटला. सोफ्यावर बसण्याआधी त्याने हाताने दाबून पाहिला आणि म्हणाला, "हा जुना माल आहे, असा आता मिळत नाही." बरोबर आहे, मिळत नाही.

त्याच्याकडे सहा लाखांना गिऱ्हाईक तयार आहे. मी काही बोलायच्या आत आकडा त्याने सांगितला, म्हणजे माझा हिशेब पक्का होता. फक्त नोंदणीचे पंधरा हजार आधी भरायचे. मी त्याला चांगला पिळला. वीस म्हणत होता, पंधरावर आणला. जाताना म्हणाला, "साहेब, तुमच्यासारख्या जाणकाराशी व्यवहार करायला मजा येते."

हिला गिऱ्हाइकाचं सांगितलं, पंधरा हजारांचं नाही. ते सहा लाख हातात आले की सांगेन.

१८ मे, गुरुवार

टायवाल्याचा फोन आला. गिऱ्हाईक परगावी आहे, पंधरा दिवसांत कागद होतील. मी म्हटलं, सावकाश होऊ दे.

ही विचारत होती की सहा लाख आले तर त्यातून एकदा हॉटेलात राहून यायचं का तळ्यावर. मी म्हटलं, आपलीच खोली विकून त्याच गावात भाड्याने राहायचं? लोक हसतील. ती हसली नाही.

३ जून, शनिवार

नंबर बंद आहे. सकाळपासून एकवीस वेळा लावला.

पावतीवरच्या पत्त्यावर गेलो. तिथे केस कापायचं दुकान आहे. मालक म्हणाला, "महिन्याभरात तुम्ही चौथे." तेवढ्यात खुर्ची रिकामी झाली म्हणून मला दाढी करून जायचा आग्रह करत होता. मी केली. तोंड लपवायला तेवढं बरं पडलं.

पंधरा हजार! माझे! मी लोकांना शिकवतो की माल बघितल्याशिवाय विसार देऊ नका. चोराने सोफा दाबून पाहिला आणि मी विरघळलो. पावती पॅंटच्या खिशातच राहू दिली, फाडायचीसुद्धा लाज वाटली.

९ जून, शुक्रवार

चष्मेवाल्याला सांगावं लागलं, कारण त्याने तोंडावरून ओळखलं. पोट धरून हसला. मग म्हणाला, "तू मागतोयस किती, ते सोड. असे आठवडे विकले कितीला जातात ते बघितलंस का?" त्याने फोनवर काढून दाखवलं. विकाऊ आठवड्यांची ही लांबलचक यादी. दोन लाख, दीड लाख, ऐंशी हजार. मी म्हटलं, बघ, भाव आहे. तो म्हणाला, "हे मागणारे आहेत. झालेले व्यवहार खाली आहेत." खाली बघितलं. सात हजार. चार हजार. एकाने 'मोफत, फक्त नावावर करून घ्या' असं लिहिलं होतं, आणि त्यालाही चार महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं.

मग मी स्वतः कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकवल्यावर एक पोरगी बोलली. आम्ही परत विकत घेत नाही. सोडून द्यायचं असेल तर द्या, पण आधी दोन वर्षांचं शुल्क भरा. म्हणजे आपला माल आपण फुकट द्यायचा आणि वर पैसेही मोजायचे! मी तिला म्हटलं, तुमच्या बिस्किटांची किंमत एवढी असेल असं वाटलं नव्हतं. तिला काही कळलं नाही.

भाड्याने द्यावा म्हटलं तर सप्टेंबरच्या मधल्या आठवड्याला मिळणारं भाडं देखभालीपेक्षा कमी. सगळे हंगाम यांनी रंगांत वाटलेत. लाल सगळ्यांत महाग, आमचा निळा, म्हणजे ज्यात कोणी जात नाही.

चष्मेवाला म्हणाला, "मला तर सप्टेंबर फार आवडला. गर्दी नाही, पहाटे तळ्यावर धुकं असतं. वहिनींना आवडेल." मी म्हटलं, तुला फुकट मिळाला होता, आवडणारच.

२१ जून, बुधवार

वर्तमानपत्रात जाहिरात दिली. साठ हजार. आज तीन फोन आले.

पहिल्याने विचारलं, जमीन किती? मी म्हटलं, जमीन नाही, आठवडा आहे. त्याने फोन ठेवला.

दुसरा म्हणाला, मी घेतो, पण तुम्ही मला वीस हजार द्यायचे. हा फोन मी ठेवला.

तिसरी एक म्हातारी होती. तिच्याकडेही एक आहे, तो मी घेईन का असं विचारत होती. बाई, डोकं फिरलंय का तुमचं, असं ओठांवर आलं होतं. पण आवाज रडवेला होता, म्हणून नाही म्हणालो आणि ठेवला.

हिने विचारलं, "शेवटी कितीला पडेल हो?" मी म्हटलं, तुला कशाला पंचायती. तिने हातातलं काम ठेवलं. म्हणाली, "विचारलं फक्त. आठवडा आपला दोघांचा आहे ना?" कागदावर माझ्या एकट्याचं नाव आहे, तेवढं मी तिला सांगितलं. खरं तेच सांगितलं.

४ जुलै, मंगळवार

अखेर माणसासारखा फोन. एक वकीलबाई बोलत होत्या. त्यांच्या एका पक्षकाराला आठवडा हवा आहे. नाव सांगायचं नाही असं पक्षकाराचं म्हणणं. मी म्हटलं, पैसे बोलले म्हणजे झालं, नाव कशाला हवं.

"किती म्हणता?" बाईंनी विचारलं.

"जाहिरातीत आहे."

"जाहिरातीतलं मी वाचलंय. पक्षकार म्हणतात, तुम्ही काय म्हणता ते विचारा."

आकडा समोरच्याने आधी बोलावा, ही माझी धंद्यातली पहिली रीत. इतक्या वर्षांत ती कोणी माझ्यावर चालवली नव्हती. मी पन्नास म्हणालो आणि लगेच जीभ चावली.

११ जुलै, मंगळवार

वकीलबाईंच्या ऑफिसात गेलो. लहानशी खोली, फायली छतापर्यंत, पण खिडकीला पडदे फार सुरेख. चुण्या सारख्या, खालची पट्टी हाताने घातलेली. घरी येऊन हिला सांगितलं, की अगदी तुझ्यासारखंच काम आहे. "असेल," म्हणाली. कौतुक केलं तरी हिचं आपलं तेवढंच.

पक्षकाराचा निरोप बाईंनी वाचून दाखवला. खोली उत्तरेकडची आहे. कपाटाला ओल आहे. खिडकीची कडी बसत नाही. निळा हंगाम. तेरा वर्षांचं शुल्क पुढे भरायचंय. तेव्हा आठ हजार.

आधी खोट दाखवायची, तीही एक-एक करून, मध्ये थांबत. मग शेवटी आकडा असा टाकायचा की जणू उपकार करतोय. मी जागच्या जागी ओळखलं, हा माणूस धंद्यात मुरलेला आहे. आणि खोलीत राहून आलेला आहे. कंपनीचाच कोणी असणार, आतून स्वस्तात उचलून बाहेर विकणारा. मी चाळीस सांगून उठलो. दारापर्यंत गेलो, मला परत बोलावतील म्हणून चपलेचा पट्टा नीट करत बसलो. कोणी बोलावलं नाही.

२० जुलै, गुरुवार

वकीलबाईंचा फोन नाही. हेही माझंच. 'बघतो, सांगतो' म्हणायचं आणि आठ दिवस गप्प बसायचं. विकणाऱ्याची झोप उडते आणि नवव्या दिवशी तो स्वतः येतो. माझी उडाली आहे. रिसॉर्टचं दुसरं स्मरणपत्र आलं, त्यात दंडाची भाषा आहे.

ही हल्ली दर मंगळवारी बाहेर जाते. पडद्यांची मापं घ्यायला, म्हणते. दुपारचा चहा मला करून घ्यावा लागतो. साखर कुठे ठेवते देव जाणे.

२८ जुलै, शुक्रवार

मीच फोन केला. काय करणार! पंचवीस म्हणालो. बाई म्हणाल्या, "थांबा, विचारते." दुपारी उलट फोन आला. पक्षकार पंधरा हजार देतील. एक पैसा वर नाही, एक पैसा खाली नाही. यंदाचं शुल्क पक्षकार भरतील.

मी हो म्हणालो. नेमके पंधरा, टायवाल्याने नेले तेवढेच. योगायोग म्हणायचा. चार लाख पाण्यात गेले, ते आता काढत बसत नाही.

हिला म्हटलं, सुटलो एकदाचे. मी एका पट्टीच्या माणसाशी व्यवहार केला. "हरलात का?" तिने विचारलं. मी म्हटलं, हरलो नाही, पण त्याने मला चांगलंच खेळवलं. मान्य करतो, असा माणूस भागीदार म्हणून मिळाला असता तर दुकान आज दुप्पट झालं असतं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मशीनवर जाऊन बसली.

८ ऑगस्ट, मंगळवार

कंपनीच्या शाखेत सकाळी अकराला बोलावलं होतं. मी पावणेअकराला गेलो. पक्षकाराचं तोंड एकदाचं बघायचं होतं.

वकीलबाई आल्या होत्या. त्यांच्या शेजारी ही बसली होती. चांगले कपडे, मांडीवर पर्स.

मी म्हटलं, "अगं, तू इथे काय करतेस? घरी काही झालं का?"

"काही झालेलं नाही. बसा. सही करायचीय."

टेबलामागच्या कारकुनाने फॉर्म वाचायला घेतला. विकणार म्हणून माझं नाव. घेणार म्हणून हिचं. त्याने दोन्ही पत्ते वाचले, मग पुन्हा वाचले आणि आमच्या दोघांकडे बघितलं. असा प्रकार त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच आला असणार.

मला आधी हसू आलं आणि मग भयंकर राग आला. मी म्हटलं, "घरची वस्तू तू विकत घेतेस? माझ्याकडून? वकील लावून?"

"मागून पाहिली होती. मे महिन्यात मागितली. मागच्या वर्षी मागितली, तेव्हा तुम्ही लिलाववाल्याला शब्द देऊन बसला होता. त्याच्या आधी घरमालक."

"मग मला सांगायचंस, माझ्या नावावर कर म्हणून. मी केलं असतं."

"केलं असतं. आणि पुढच्या वर्षी कोणाला तरी दिलं असतं. दिलेली वस्तू माणूस परत घेतो. विकलेली घेत नाही, हे तुमच्याच दुकानात बसून शिकले."

कारकून फॉर्मकडे बघत होता. वकीलबाई खिडकीकडे.

"आणि पंधराच का?" मी विचारलं. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

"तेवढेच गेले होते ना तुमचे? पॅंट धुवायला घेतली तेव्हा पावती सापडली. पडद्यांचे साठलेले होते माझ्याकडे."

सही केली. कारकुनाने विचारलं, "सोबत येणाऱ्या व्यक्तीचं नाव?" ही म्हणाली, "रिकामं ठेवा."

घरी एकाच रिक्षाने आलो. रस्ताभर मी बाहेर बघत बसलो. रागाने, असं मी समजत होतो.

९ ऑगस्ट, बुधवार

पंधरा हजार तिच्या मशीनवर नेऊन ठेवले. तिने न बघता बाजूला सरकवले. म्हणाली, "व्यवहार झालाय." संध्याकाळी पुन्हा ठेवले. पुन्हा तेच.

चष्मेवाल्याला सगळं माहीत होतं, जूनपासून. खोलीबद्दल हिने त्याच्याकडे चौकशी केली होती. ओलीचं त्यानेच सांगितलं. मी त्याला विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तू कधी विचारलंस?" हा मित्र!

१६ सप्टेंबर, शनिवार

आज ती गेली.

चार दिवसांपासून बॅग भरत होती. एक बॅग, एक शाल, दोन पुस्तकं. मला वाटलं होतं की बहिणीला बोलावेल. बोलावलं नाही. मला वाटलं होतं की मला विचारेल. काल दुपारपर्यंत वाट बघितली, मग माझ्याने राहवेना.

"मी आलो तर?" म्हटलं.

तिने शाल घडी करता करता हात थांबवले. "दुकान?"

"बंद ठेवतो. आठ दिवसांनी काय होणार आहे!"

ती खुर्चीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जिंकलो.

"हे बारा वर्षांत एकदा म्हणाला असतात," ती म्हणाली. "किती वाट बघितली मी या एका वाक्याची. पण यंदा नको हो. यंदा मला एकटीलाच जायचंय. रागाने नाही. खरंच नाही. मला फक्त बघायचंय, सकाळी उठून कोणासाठी काही करायचं नसलं की मी काय करते."

यावर तोंडात काहीतरी टोचणारं आलं होतं. इतकी वर्षं येतच आलंय. या वेळी गिळलं. तिला विचारलं, "पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी विचारा," म्हणाली.

सकाळी टॅक्सी आली. बॅग मी खाली नेली. साखरेचा डबा कुठे आहे, गॅसवाला कधी येतो, हे तिने दोनदा सांगितलं. गाडीत बसल्यावर तिने काच खाली केली आणि हात बाहेर काढला. मी तो नुसता धरला. टॅक्सीवाला थांबून राहिला, बिचारा.

वर आलो. दुकान उघडायची वेळ झाली होती, उघडलं नाही. खालून कोणीतरी शटर दोनदा वाजवून गेलं. मी तिच्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसून होतो. मला वाईट वाटतंय. ते फार वाटतंय, आणि ती आता तळ्यावर पोहोचली असेल, खिडकी उघडत असेल, याचं बरंही वाटतंय. बारा वर्षं ती हे मागत होती आणि मी तिला दुकान कोण बघणार म्हणून विचारत होतो.